जांभ्याची जमीन, खिळ्यांचा कचरा: कोकणात मेटल डिटेक्टर घेताना काय बघायचं

मला एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडचं गाव, जुनं कौलारू घर पाडून त्याच जागेवर नवीन बांधलंय, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, काम करताना बायकोचं मंगळसूत्र तुटलं, एक वाटी मिळाली आणि दुसरी नाही. ऑनलाइन स्वस्तातला डिटेक्टर मागवला तर तो खळ्यात ठेवल्यापासून सारखा ओरडतोय, काही ऐकूच येत नाही. आता चांगलं मशीन घ्यायचंय, पुढे गणपतीपुळे, आरे-वारे बाजूला लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या पण शोधून द्यायचा विचार आहे, तर सगळ्यात खोल जाणारं मशीन कुठलं?

मी रत्नागिरी बाजूला बरीच वर्षं हेच काम करतो, हरवलेले दागिने शोधून देणं, पुरलेली पाइपलाइन नाहीतर व्हॉल्व्ह शोधून देणं, त्यामुळे सरळ सांगतो. खोलीचा विचार आधी डोक्यातून काढा. कोकणात मशीन खोलीसाठी घ्यायचं नसतं, ते दोन गोष्टींसाठी घ्यायचं असतं, एक म्हणजे आपली जमीन त्याला सहन होते का आणि दुसरं म्हणजे खिळ्याच्या शेजारी पडलेलं सोनं त्याला वेगळं ऐकू येतं का. या दोन गोष्टी जमल्या की चार-सहा बोटं खोली पुरते, कारण तुमची वाटी काय पुरुषभर खाली गेलेली नाही, ती वरच्या अर्ध्या वितीच्या मातीतच कुठेतरी आहे.

आता तुमचं मशीन ओरडतंय का ते समजून घ्या, कारण खरेदीचं सगळं गणित इथेच आहे. जांभा म्हणजे मूळचा बेसॉल्टसारखा दगड, हजारो-लाखो वर्षं पावसाने धुऊन धुऊन त्यातली बाकीची द्रव्यं निघून गेली आणि लोह नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. तांबडा रंग त्या लोखंडाचाच. म्हणजे तुम्ही जे अंगण समजताय ते मशीनच्या दृष्टीने एक मोठा पसरट लोखंडी सिग्नल आहे आणि त्यात वाटीचा बारीकसा आवाज शोधायचाय. तुमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते हे तुम्ही ऐकलं असेलच, कातळात किती चुंबकीय ताकद असू शकते त्याचा तो पुरावा. (कातळशिल्पांच्या आसपास मशीन घेऊन कोणी फिरू नका, ती जागा जपायची आहे.)

त्यात अजून एक गोष्ट आपल्याकडची, जी बाहेरच्या कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत, ती म्हणजे भाजलेली जमीन. भाताच्या रोपासाठी राब भाजतो, दाढ भाजतो, परसात पालापाचोळा जाळतो, पाणी तापवायची चूल वर्षानुवर्षं एकाच जागी असते. लोह असलेली माती पाल्यासोबत तापली की त्यातलं काही लोह मॅग्नेटाइट, मॅगहेमाइटमध्ये बदलतं आणि ती माती आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त चुंबकीय होते. त्यामुळे खळ्यात एका जागी मशीन शांत केलं आणि चार पावलं टाकून जुन्या चुलीच्या जागेवर गेलात की परत बोंब सुरू. लोकांना वाटतं खाली काहीतरी मोठं आहे, खणत बसतात, आणि मिळते काळपट भाजकी माती. विटा, मंगलोरी कौलांचे तुकडे यांचं पण तेच, भट्टीत भाजलेले असल्यामुळे ते स्वतःच सिग्नल देतात. जुनं घर पाडलेली जागा म्हणजे कौलांचा चुरा सगळीकडे, हे लक्षात ठेवा.

अशा जमिनीत ताकद वाढवून उपयोग होत नाही. आंबा घाटात धुकं असताना गाडीचा अप्पर मारला तर समोरचं दिसायचं सोडून पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच होतं, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते सेटिंग, जितकी वाढवाल तितकी जमीनच जोरात ऐकू येते. जांभ्यात सेन्सिटिव्हिटी कमी करून जास्त सापडतं, हे नवीन माणसाला पटत नाही पण करून बघा.

मशीनचे प्रकार तीन समजा. पहिला सिंगल फ्रिक्वेन्सीचा व्हीएलएफ, म्हणजे एकाच कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी सतत सोडणारा. तुमचं स्वस्तातलं मशीन बहुतेक हेच, आणि त्यातही ग्राउंड बॅलन्सची सोय नसलेलं. ग्राउंड बॅलन्स म्हणजे जमिनीचा आवाज ओळखून तो वजा करणं, आणि ते ज्या मशीनमध्ये हाताने करता येत नाही किंवा निदान आपोआप तरी होत नाही ते कोकणात घेऊच नका, फुकट मिळालं तरी नको. गॅरेटचं एटी प्रो, नोक्ताचं सिम्प्लेक्स अल्ट्रा ही १५ किलोहर्ट्झची चांगली सिंगल फ्रिक्वेन्सी मशीनं आहेत, ग्राउंड बॅलन्स आहे, फक्त खळं, वाडी, खाचर एवढंच करायचं असेल आणि बजेट कमी असेल तर यातलं एक घेऊन शिकलात तरी काम होईल. पण तुम्हाला समुद्रावर पण जायचंय आणि तिथे सिंगल फ्रिक्वेन्सी मार खाते. ओली खारी वाळू वीज वाहून नेते, तिचा सिग्नल एका बाजूचा, आणि काळ्या वाळूतल्या लोहाचा सिग्नल वेगळ्याच बाजूचा, आणि एका फ्रिक्वेन्सीवर मशीन या दोनपैकी एकालाच वजा करू शकतं. मीठ वजा केलं तर काळी वाळू ओरडते, काळी वाळू वजा केली तर मीठ.

आणि रत्नागिरीची वाळू काळी आहे हो. मांडवीचा किनारा बघा. मिऱ्या, काळबादेवी, मालगुंड ते खाली पूर्णगडपर्यंत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज, सोबत मॅग्नेटाइट. पावसाळ्यात लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि हे जड काळं खनिज थराथराने मागे राहतं. तारकर्ली, देवबागकडची पांढरी वाळू त्या मानाने फार सोपी, तिथला व्हिडिओ बघून मशीन घेतलं आणि मांडवीला नेलं की लोक निराश होतात. कुठल्या किनाऱ्यावर किती त्रास होणार ते बघायचा साधा उपाय, स्पीकरचा जुना मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूत ओढा, पिशवीला काळ्या भुकटीची दाढी आली की समजा इथे मशीनची परीक्षा आहे. इल्मेनाइट स्वतः साध्या चुंबकाला फारसं चिकटत नाही, चिकटतं ते मॅग्नेटाइट, आणि मशीनला जास्त त्रास त्याचाच.

दुसरा प्रकार म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवणारं, ज्याला लोक मल्टी म्हणतात. ते कमी आणि जास्त फ्रिक्वेन्सीचे सिग्नल एकदम बघतं, त्यामुळे मीठ आणि लोह दोन्हींना वेगवेगळं ओळखून बाजूला करू शकतं. तुमच्यासाठी माझं उत्तर हेच. इथे एक काळजी घ्या, काही जाहिरातींमध्ये मल्टी फ्रिक्वेन्सी लिहिलेलं असतं पण खरं म्हणजे बटण दाबून एकावेळी एकच फ्रिक्वेन्सी निवडता येते, ते वेगळं, ते नको. एकाच वेळी चालणाऱ्या पाहिजेत.

तिसरा पल्स इंडक्शन, पीआय. तो पल्स सोडतो, थोडा थांबतो आणि मग ऐकतो, मॅग्नेटाइटचा प्रतिसाद तोपर्यंत विझलेला असतो म्हणून काळ्या वाळूत पीआयसारखं खोल दुसरं काही जात नाही. इंटरनेटवर खराब जमिनीसाठी पीआय घ्या असं सर्रास सांगतात ते यामुळेच, आणि ज्या ठिकाणी नुसती जमीन खराब आहे पण कचरा नाही तिथे ते बरोबर आहे. पण पीआयला लोखंड आणि सोनं यातला फरक धड सांगता येत नाही. खिळा, गळ, बाटलीचं बूच, केसातली पिन, सगळ्याला एकच आवाज, आणि बारीक लोखंड पण वीतभर खालून ऐकू येतं. पाडलेल्या घराच्या जागेत पीआय नेलंत तर संध्याकाळपर्यंत खिळ्यांनी बादली भरेल आणि खळं नांगरल्यासारखं होईल. शिवाय जांभ्यात आणि भाजक्या मातीत जे मॅगहेमाइट असतं त्याचा प्रतिसाद लगेच विझत नाही, तो रेंगाळतो, म्हणून ग्राउंड बॅलन्स नसलेलं साधं बीचचं पीआय आपल्या तांबड्या जमिनीवर तसंही कुरकुरतं. माझ्याकडे पीआय आहे, ते मी फक्त काळ्या ओल्या वाळूत काढतो, जिथे हरवल्याची जागा नक्की माहीत आहे आणि सगळं खणायची तयारी आहे अशा वेळी. पहिलं मशीन म्हणून नको.

आता कचऱ्याकडे या, कारण जमिनीपेक्षा जास्त सोनं कचऱ्याखाली लपतं असं माझं मत आहे.

सोनं उत्तम वाहक असलं तरी मशीनला दिसतो तो वस्तूचा आकार, जाडी आणि ती बंद कडी आहे की नाही. मशीन पडद्यावर प्रत्येक वस्तूचा एक आकडा दाखवतं, त्याला टार्गेट आयडी म्हणतात. त्यामुळे बारीक सोनं हे गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलच्या आकड्यावर येतं, मध्यम अंगठी कॅनच्या कडीच्या आकड्यावर येते, आणि किनाऱ्यावर जिथे रापण ओढतात किंवा पाग टाकतात तिथे जाळ्याची शिशाची वजनं बरोबर अंगठीसारखी वाजतात. टार्गेट आयडीवर विश्वास ठेवून फॉइल नको म्हणून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे ठरावीक आकडे गप्प करायची सोय, लावलं की तुमची वाटी पण त्यातच गेली. लोखंड सोडून बाकी सगळं खणायचं, दुसरा मार्ग नाही, ज्यांना खणायचा कंटाळा त्यांना सोनं मिळत नाही. बरं आपली एक रुपयाची नाणी १९९२ पासून फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटणारी, ती लोखंडाच्या बाजूला नाहीतर उड्या मारत वाजतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओत नाण्याचा गोड आवाज म्हणून जे ऐकवतात ते इथे लागू करू नका.

मंगळसूत्राबद्दल मुद्दाम सांगतो कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त कामं त्याचीच येतात. काळे मणी काचेचे, ते मशीनला दिसतच नाहीत. साखळी लांब असली तरी मशीन तिला अख्खी बघत नाही, एकेक बारीक कडी बघतं, म्हणून तोळाभर साखळी एखाद्या फॉइलच्या चिमटीपेक्षा पण कमी वाजू शकते. वाजते ती वाटी, आणि ती पण पातळ पत्र्याची, पोकळ, म्हणजे आकडा खालीच येणार. तुटलेली नथ, उघडी कडी यांचं पण असंच, कडी उघडली की सिग्नल एकदम पडतो. या बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी लागते, १५ ते ४० किलोहर्ट्झची बाजू, आणि ती बाजू मल्टी मशीनमध्ये असतेच. याउलट जोडवी, पैंजणाचा जाड पेच, चांदी असल्यामुळे वरच्या आकड्याला खणखणीत वाजतात.

आणि हे सगळं खिळ्यांच्या गर्दीत. खिळा वाजला की मशीनला सावरून पुढचा आवाज ऐकायला थोडा वेळ लागतो, त्याला रिकव्हरी स्पीड म्हणतात, तो जितका जलद तितकं खिळ्याला खेटून पडलेलं सोनं वेगळं ऐकू येतं. मशीन घेताना खोलीऐवजी हे विचारा. आणि कॉइल विचारा, म्हणजे दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती. सोबत येते ती ११ इंची कॉइल तुमच्या खळ्यात मोठी आहे, तिच्याखाली एका वेळी चार-पाच खिळे, दोन कौलांचे तुकडे आणि भरपूर जांभा येतो. ६ इंचाची छोटी डीडी कॉइल (आत डी अक्षरासारखी दोन वेटोळी असलेली) जमीन कमी बघते, म्हणून जमिनीचा आवाज पण कमी, कचरा पण एकावेळी एकच. खोली थोडी जाते, जाऊ दे. मला कोणी म्हणालं की मोठं मशीन घेऊ की मधलं मशीन अधिक छोटी कॉइल, तर मी डोळे झाकून छोटी कॉइल म्हणतो.

नावं विचारलीत तर, मिनलॅब इक्विनॉक्स ९०० हे तुमच्या कामाला नेमकं बसतं, त्याच्या खोक्यात ११ इंची आणि ६ इंची दोन्ही कॉइल येतात, पाण्यात चालतं. इक्विनॉक्स ७०० स्वस्त पडतं, पण छोटी कॉइल वेगळी घ्यावी लागेल आणि रिकव्हरी स्पीडच्या पायऱ्या कमी आहेत. नोक्ताचं लेजेंड त्याच दर्जाचं, खर्चाला हलकं, त्याला पण छोटी कॉइल मिळते, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी बऱ्याचदा तेच सुचवतो. एक्सपीचं ड्यूस २ कचऱ्यात फार वेगवान, पण महाग आणि सेटिंग्ज इतकी की पहिल्याच माणसाला गोंधळ होतो. मिनलॅबचं व्हँक्विश मल्टी आहे आणि सोपं आहे, बीचवर बरं चालतं, पण ग्राउंड बॅलन्स हाताने करता येत नाही आणि त्याचा डबा पाण्यात घालायचा नाही, म्हणून जांभ्यासाठी माझी पसंती नाही. जुनं इक्विनॉक्स ६०० किंवा ८०० कोणी चांगल्या स्थितीत विकत असेल तर तेही चालेल, फक्त डब्याच्या सीलची आणि कॉइलच्या कानांची (दांड्याला जोडायच्या खुंट्यांची) नीट तपासणी करा.

सोनं लांबून दाखवणारा अँटेनावाला लोकेटर, ५०० मीटरवरून गुप्तधन दाखवतो म्हणून विकतात, त्याच्या नादी अजिबात लागू नका, त्यात काही नसतं. ब्रिटनमध्ये असलीच पोकळ यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्याला २०१३ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली, कारण त्या विश्वासावर माणसं मेली. आपल्याकडे त्यात लोकांच्या जमिनी गहाण पडतात.

पैसे देण्याआधी मशीन तुमच्या जमिनीवर चालवून बघा, दुकानात हवेत अंगठी फिरवून दाखवलेलं काही कामाचं नाही. हवेत दीड वीत दाखवणारी अंगठी जांभ्यात चार बोटांवर गायब झालेली मी बघितली आहे. विकणारा यायला तयार नसेल तर ज्याच्याकडे ते मशीन आहे त्याला गाठा. तुमच्याकडची उरलेली वाटी दोऱ्याला बांधा म्हणजे हरवणार नाही, जमिनीवर ठेवा, बाजूला त्याच खळ्यातले गंजलेले तीन-चार खिळे ठेवा, आणि चारी बाजूंनी कॉइल फिरवा. किती कोनांतून वाटीचा आवाज खिळ्यांतून सुटा येतो ते मोजा. मग दोन बोटं माती टाकून परत, चार बोटं टाकून परत. दोन मशीनं अशी शेजारी शेजारी बघितली की कुठलं घ्यायचं ते मला विचारायची गरज पडणार नाही.

समुद्राचं थोडक्यात. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत आधी शोधा, लोक बसतात, तेल लावतात, अंगठ्या काढतात ते तिथेच. ओल्या वाळूत जायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जा, तेव्हा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी सगळ्यात लांब जातं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, तेवढी जागा उघडी पडत नाही. मे महिन्यात हरवलेली अंगठी पावसाच्या आत शोधायला हवी, एकदा जूनच्या लाटांनी वाळू ओढली की जागा सांगून उपयोग नाही. मशीन बीच मोडला ठेवा, काळ्या पट्ट्यावर सेन्सिटिव्हिटी उतरवा, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने कॉइल, दांडा, सगळं धुवा. वेळास, आंजर्ले, गुहागर या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्या हंगामात वरच्या वाळूत खणणं बंद, हॅचरीच्या जवळ तर कधीच नाही.

कायद्याचं पण ऐका, कारण मशीन हातात आलं की किल्ल्यावर जायचा मोह होतो. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे संरक्षित आहेत, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत, १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर सभोवतालचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. राज्याने संरक्षित केलेल्या जागा वेगळ्या कायद्याखाली आहेत, तिथेही हेच. स्वतःच्या वाडीत जरी जुनी नाणी किंवा पुरलेलं काही मिळालं आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असेल तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. बायकोची वाटी त्यात येत नाही, ती तुमचीच आहे, बिनधास्त शोधा.

तर तुमच्या खळ्यात असं करा. आधी मॅग्नेट. मोठा चुंबक दोरीला बांधून सगळ्या खळ्यावरून दोन्ही दिशांनी ओढा, वरचे खिळे, पत्र्याचे तुकडे, वायर उचलून घ्या, मशीनचं अर्धं काम तिथेच होतं आणि सोनं चुंबकाला लागत नाही त्यामुळे भीती नाही. मग दोरी बांधून हात-दीड हाताचे पट्टे पाडा. छोटी कॉइल लावा, गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीच्या, कडेला कचरा नसलेली जागा बघून कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स घ्या, चुलीच्या जागेवर गेलात की तिथे परत घ्या. सेन्सिटिव्हिटी मशीन शांत होईपर्यंत खाली आणा. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, एकाच उंचीवर, सावकाश फिरवा, दगडावर आपटली किंवा उचलली गेली की खोटा आवाज येतो. आवाज आला की जागेवरच काटकोनात वळून परत फिरवा, खिळा एका बाजूने गोड वाजतो आणि वळलं की तुटतो नाहीतर सरकतो, वाटी दोन्हीकडून तशीच बारीक पण सलग वाजते. आकडा काही का दाखवेना, असा आवाज आला की खणा. मोठ्या फावड्याने नको, खुरप्याने, आणि पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, जवळ ठेवा, जांभ्यात त्याची पण सेन्सिटिव्हिटी कमी करून. नवीन घराच्या कामात खळ्यातली माती ओढून कुठे टाकली असेल तर तो ढीग पण पट्ट्यांमध्ये पसरून बघा, आणि केर जिथे टाकता ती जागा सगळ्यात आधी, कारण तुटल्यावर पहिल्या झाडूबरोबर गेलेली वाटी मला बहुतेक वेळा तिथेच मिळाली आहे.